थेंबभर पाण्यात या आणि पाहा

विहारात किंवा घरी वंदना घेताना आपण सारे जण धम्माचे जे गुण म्हणतो, त्यांत एक शब्द येतो, एहिपस्सिको. ये आणि पाहा. कोणी मोठा माणूस सांगतो म्हणून मानू नको, पोथीत लिहिले आहे म्हणून मानू नको, स्वतः पाहा. आपल्या वस्तीतील पाच वर्षांच्या पोरालाही हा शब्द पाठ असतो. पण त्या पोराला आपण पाहायला देतो काय? शाळा सुटली की मोबाइल आणि रात्री मालिका. म्हणून या वेळी कुटुंबाच्या पानावर आम्ही एका छंदाची ओळख करून देत आहोत. सूक्ष्मदर्शकातून पाहण्याचा छंद. छंद म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले, अशी आपल्याकडे समजूत आहे. या छंदाचा जन्म मात्र एका कापडाच्या दुकानात झाला आहे.

हॉलंड देशातील डेल्फ्ट या गावी १६३२ साली आंतोनी व्हान लेव्हेनहुक जन्मला. धंदा कापड विकण्याचा. कापडाचे सूत दाट आहे की विरळ हे पाहण्यासाठी कापडवाले भिंग वापरीत, त्या भिंगातून त्याला हे वेड लागले. विद्यापीठाचे तोंड त्याने पाहिले नव्हते. आपल्याकडे पंडितांत संस्कृतची जी मिजास होती, तीच तिकडे लॅटिनची होती. आणि लेव्हेनहुकला लॅटिन येत नव्हते. त्याला फक्त आपली डच बोली ठाऊक. तरी त्याने स्वतःच्या हाताने शेकडो इवलीशी भिंगे बनवली आणि दोन छोट्या धातूच्या पत्र्यांमध्ये बसवून त्यांतून पाहायला सुरुवात केली.

एकदा त्याच्या मनात आले, मिरी जिभेला का झोंबते? तिला काटे असतील काय? त्याने मिरी पाण्यात भिजत घातली आणि काही दिवसांनी त्या पाण्याचा थेंब भिंगाखाली धरला. काटे दिसले नाहीत. दिसले ते हजारो जिवंत, वळवळणारे जीव. १६७६ च्या ऑक्टोबरात त्याने हे सारे लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवले. तिथल्या विद्वानांना ते खरे वाटेना. एका थेंबात इतके प्राणी? हा दुकानदार काहीतरी सांगतो आहे! तेव्हा लेव्हेनहुकने गावातील धर्मगुरू आणि इतर प्रतिष्ठितांना आपल्या घरी बोलावून भिंगातून दाखवले आणि त्यांच्या सह्या घेऊन पाठवल्या. शेवटी १६७७ च्या नोव्हेंबरात रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाने स्वतः मिरीचे पाणी तयार करून पाहिले. दुकानदाराचे म्हणणे खरे निघाले. १६८० साली त्याच सोसायटीने त्याला आपला सदस्य करून घेतले. माणसाचे कूळ आणि भाषा न पाहता त्याने दाखवलेली गोष्ट पाहिली, म्हणून हे घडले. एहिपस्सिको याहून वेगळे काय असते?

पुढे १६८३ साली त्याने दातांतील किटण काढून पाहिले. स्वतःच्या, दोन बायकांच्या, एका लहान मुलाच्या आणि जन्मात कधी दात न घासलेल्या एका म्हाताऱ्याच्या. सर्वांच्या दातांत जिवंत जंतू होते. म्हाताऱ्याकडे अधिक, एवढाच फरक.

हे वाचताना आम्हाला मुंबईच्या गिरण्या आठवतात. ज्यांचे आजोबा-पणजोबा गिरणीत होते त्या घरांत ही हकिगत आजही सांगितली जाते. विणकाम खात्यात धोट्यातील कांडी बदलली की सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. त्या धोट्याला आपल्या माणसाचे तोंड लागेल म्हणून स्पृश्य कामगारांनी आपल्याला त्या खात्यात येऊ दिले नाही; आणि पगार तर त्याच खात्यात बरा होता. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. धोटा तोंडाने ओढण्यात धोका होता हे खरेच, कारण थुंकीतून रोग पसरतात. क्षयाचा जंतू जर्मनीच्या रॉबर्ट कॉखने १८८२ सालीच दाखवून दिला होता. पण तो धोका एकमेकांचा धोटा ओढणाऱ्या प्रत्येकाला प्रत्येकाकडून होता. सूक्ष्मदर्शकाखाली थुंकी ठेवली तर जंतू दिसतात, जात दिसत नाही.

महाडचेही तसेच. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले आणि नंतर तळे बाटले म्हणून सनातन्यांनी त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून ते 'शुद्ध' केले. शेणाच्या एका कणात किती कोटी जीव असतात हे आज बारावीच्या विज्ञानाचा विद्यार्थी सांगेल. एखाद्या मुलाने त्या वेळी आधीचा एक थेंब आणि नंतरचा एक थेंब भिंगाखाली धरला असता, तर पाणी कोणी बाटवले याचा निकाल तिथेच लागला असता.

असो. आता कामाचे बोलू.

आज सुरुवात करायला पदरचे फार मोडावे लागत नाही. कॅमेऱ्याचा मोबाइल बहुतेक घरांत आहे. तो पालथा ठेवून मागच्या कॅमेऱ्याच्या काचेवर स्वच्छ पाण्याचा मोहरीएवढा थेंब ठेवावा आणि मग फोन अलगद सुलटा करावा. थेंब चिकटून राहतो आणि भिंगाचे काम करतो. कांद्याचा पापुद्रा किंवा साडीचे सूत त्याच्याजवळ नेले की मोठे दिसते. मोडक्या सीडी प्लेयरमधील छोटे भिंग काढून कॅमेऱ्यावर चिकटपट्टीने बसवले, तर आणखी चांगले दिसते. याच्या पुढची पायरी म्हणजे कागदाचा सूक्ष्मदर्शक. मूळचे मेरठचे आणि आता अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात असलेले मनु प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडी घालून बनवायचा 'फोल्डस्कोप' तयार केला व २०१४ साली जगापुढे मांडला. तो सुमारे १४० पट मोठे दाखवतो. खिशात मावतो, पडला तरी फुटत नाही आणि काही शे रुपयांत मिळतो. सहावी-सातवीच्या मुलाला वाढदिवसाला केक कापण्यापेक्षा हा द्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

खेळण्याच्या दुकानात मात्र सांभाळून. खोक्यावर '१२०० पट' असे मोठ्या अक्षरांत छापलेले प्लॅस्टिकचे सूक्ष्मदर्शक मिळतात. त्यांत चित्र मोठे होते, पण धुके वाढते. मुलाला काहीच नीट दिसत नाही, ते चार दिवसांत कंटाळते आणि यंत्र माळ्यावर जाते. काचेच्या भिंगांचा, १०० ते ४०० पट दाखवणारा साधा शाळेतील सूक्ष्मदर्शक त्यापेक्षा केव्हाही चांगला. तो काही हजारांना पडतो. एका कुटुंबाला परवडत नसेल तर दहा कुटुंबांनी मिळून घ्यावा आणि विहारात ठेवावा. वर्षावासात आपण विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतो. ते दिवसही पावसाचे, जागोजागी डबकी भरलेली. रविवारी वाचन झाले की अर्धा तास मुलांना यंत्रावर बसवावे. आरशाचा सूक्ष्मदर्शक असेल तर आरसा सूर्याकडे कधीही वळवू द्यायचा नाही, डोळा जाईल. खिडकीचा उजेड पुरतो.

पाहायचे काय? कांदा पाहून झाला की डबक्याकडे वळा. शेवाळ असलेले डबके, शेततळे, जुनी विहीर, काहीही चालेल. एका बरणीत ते पाणी घ्या, त्यात मूठभर सुके गवत किंवा भाताचा पेंढा टाका, तोंडाला फडके बांधा आणि चार-पाच दिवस ठेवा. वर पातळ साय धरेल. त्या सायीखालचा एक थेंब काचपट्टीवर घ्या. पहिल्यांदा काहीतरी सर्रकन निघून गेल्यासारखे वाटेल. तो पॅरामेशियम. आकार चपलेच्या तळव्यासारखा, अंगभर बारीक केस, ते वल्ह्यांसारखे हलवीत तो पोहतो. लांबी जेमतेम पाव मिलिमीटर. फार पळतो, म्हणून थेंबात कापसाचे दोन-चार तंतू पसरा. तंतूंच्या कुंपणात तो अडकतो आणि निवांत पाहता येतो. नशीब चांगले असेल तर व्हॉर्टिसेला दिसेल. लांब देठावर उलटी टांगलेली घंटा जशी. पट्टीला टिचकी मारली की देठ स्प्रिंगसारखा आखडतो आणि थोड्या वेळाने पुन्हा हळूहळू लांब होतो. हा खेळ पाहायला मोठी माणसेही मुलांना बाजूला सारतात!

आणि मग एखाद्या दिवशी सायक्लॉप्स भेटेल. तो नुसत्या डोळ्यांनाही पांढऱ्या ठिपक्यासारखा दिसतो, झटके देत उड्या मारल्यासारखा पोहतो. भिंगातून त्याच्या कपाळाच्या मधोमध एकच डोळा दिसतो, आणि मादी असेल तर शेपटीच्या दोन्ही बाजूंना अंड्यांच्या दोन पिशव्या. दिसायला मोठा गमतीचा. पण आपल्या आज्या-पणज्यांना ज्याने छळले त्या नारूचे बिऱ्हाड याच्याच पोटात असे. पायरीच्या विहिरीचे, डबक्याचे पाणी पिताना सायक्लॉप्स पोटात जाई. तिथे तो मरे, पण त्याच्यातील नारूची अळी जगे आणि वर्षभराने हातभर लांबीचा, कधी मीटरभरही, जंत होऊन पायातून बाहेर पडे. आग होते म्हणून माणूस पाय पाण्यात बुडवी, आणि जंत त्याच पाण्यात नवीन अळ्या सोडी. गावच्या विहिरीवर मज्जाव असलेल्यांच्या वाट्याला ओढ्या-डबक्याचेच पाणी येई. अनेक जण त्याला देवीचा कोप समजत आणि नवस बोलत. तो नवसाने गेला नाही. हातपंप बसले, पायऱ्यांच्या विहिरी बदलल्या, पाणी कापडातून गाळून प्यायची सवय लागली, तेव्हा गेला. भारतातील शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात आढळला आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला.

कापडातून पाणी गाळण्याची ही गोष्ट आपल्याला नवी नाही. भिक्खूंच्या आठ परिक्खारांत चीवर, भिक्षापात्र, वस्तरा, सुई यांच्याबरोबर परिस्सावन म्हणजे पाणी गाळण्याचे फडके असते. पाण्यातील बारीक जीव मरू नयेत म्हणून. चुल्लवग्गात कथा आहे. दोन भिक्खू कोसल देशातून चालले होते. एकाजवळ परिस्सावन होते, दुसऱ्याजवळ नव्हते. दुसऱ्याने त्याला पूर्वी चूक दाखवून दिली होती, तो राग मनात धरून पहिल्याने मागूनही परिस्सावन दिले नाही, आणि तो बिचारा तहानेने मेला. तेव्हा भगवंतांनी नियम केला की मागितले तर परिस्सावन दिलेच पाहिजे, आणि जवळ नसेल तर चीवराच्या टोकाने पाणी गाळून घ्यावे. बुद्धाला जंतुशास्त्र ठाऊक होते असे मात्र यावरून कोणी म्हणू नये. असले दावे दुसरे लोक आपल्या पोथ्यांविषयी करतात, त्यांना आपण हसतो. तो नियम करुणेचा होता, आरोग्याचा लाभ आपोआप झाला.

हा लाभ किती, हेही मोजले गेले आहे. बांगलादेशातील खेड्यांत बायकांनी जुन्या सुती साडीच्या किमान चार घड्या घालून पाणी गाळले, तेव्हा पटकीचे रुग्ण जवळजवळ निम्म्याने कमी झाले. रीटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. पटकीचे जंतू सायक्लॉप्ससारख्या जीवांच्या अंगाला चिकटून राहतात, ते फडक्यात अडकतात. नवी साडी तितकी उपयोगी नाही. धुऊन धुऊन सूत फुलते आणि मधली भोके बारीक होतात, म्हणून जुनी बरी. हा प्रयोग भगिनींनी मुलांसमोर करून पाहावा. डबक्याचे पाणी चौपदरी जुन्या पदरातून गाळा आणि फडक्यावर उरलेले व खाली पडलेले, दोन्हींचे थेंब शेजारी शेजारी ठेवून पाहा.

इथे एक गोष्ट बजावून सांगतो. भिंगाखाली पाणी स्वच्छ दिसले म्हणजे ते पिण्याजोगे झाले असे समजू नका. जुलाब, विषमज्वर, कावीळ यांचे जंतू आणि विषाणू इतके बारीक असतात की या छंदाच्या यंत्रात कळत नाहीत, आणि पदरातूनही निसटतात. शंका असेल तर पाणी उकळूनच प्यावे. डबक्याच्या पाण्यात हात घातल्यावर साबणाने धुवावेत. रक्त मात्र काढून पाहू नये. ते दवाखान्यातील प्रयोगशाळेचे काम. मुलाला त्यातच रस वाटला तर बारावी विज्ञाननंतर लॅब टेक्निशियनचा अभ्यासक्रम आहेच. क्षयाच्या थुंकीची आणि मलेरियाच्या रक्ताची काचपट्टी आजही माणूसच डोळा लावून तपासतो.

यंत्राबरोबर एक दोन रेघी वही ठेवावी. तारीख, पाणी कुठले, किती दिवसांचे, काय दिसले, आणि पेन्सिलीने चित्र. चित्र सुबक नसले तरी चालेल, लेव्हेनहुकलाही चित्रे येत नव्हती, तो चित्रकाराकडून काढून घेई. पाहून झालेले डबक्याचे पाणी ज्या डबक्यातून आणले त्यातच परत सोडावे. घरच्या पिंपातील पाण्यात डासांच्या अळ्या सापडल्या, तर त्या भिंगातून मनसोक्त पाहून घ्याव्यात आणि ते पाणी कोरड्या जमिनीवर ओतून पिंप घासून काढावे. पहिले वर्षभर फोनवरच्या थेंबाने नाहीतर कागदाच्या सूक्ष्मदर्शकाने भागवावे. मोठे यंत्र घ्यायचे की नाही, हे वर्षाअखेरीस ती वही उघडून ठरवावे.