सनद आणि सीमा

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण ती पायरी परराज्यातली असेल तर?

आमच्या वाडीतले तात्या कर्नाटकात ऊसतोडीला गेले असता एका ट्रकने त्यांच्या बैलगाडीला धडक दिली. पाय कायमचा अधू झाला. गावी परतल्यावर त्यांनी मला विचारले, "तू शिकलेला. आपला बीडचा वकील तिकडच्या कोर्टात चालंल का?" मला उत्तर देता येईना. अखेर बीडच्या एका ज्येष्ठ वकीलसाहेबांना गाठले. त्यांनी समजावले ते वाचकांपुढे ठेवतो.

वकिलाचे नाव एकाच राज्याच्या बार कौन्सिलच्या पटावर असते. आपल्याकडे महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलच्या. तरीही देशभर वकिली करण्याचा हक्क अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३० ने दिला आहे. गंमत अशी, की हे कलम अमलात यायला १५ जून २०११ उजाडला! मात्र कलम ३४ नुसार प्रत्येक उच्च न्यायालय आपले नियम करू शकते. अलाहाबाद उच्च न्यायालयात परराज्यातील वकिलाला, न्यायालयाने खास परवानगी दिली नसेल तर, तिथला वकील सोबत घ्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये हा नियम वैध ठरवला.

"आता तर पडद्यावरूनही सुनावणी होते ना?" मी विचारले. कोरोनाच्या साथीत, एप्रिल २०२० पासून, ती वाट रुंदावली हे खरे. पण वकीलसाहेब म्हणाले, "पडदा अंतर मिटवतो, भाषा नाही. साक्षीदार कानडीत बोलला तर मी उलटतपासणी काय घेणार? १९५६ पर्यंत बीड हैदराबाद राज्यात होते. वकील जागेवरच राहिला, सीमा सरकली. अन् निजामाच्या काळातले उर्दू कागद वाचायला आज माणूस शोधावा लागतो."

मग त्यांनी मूळ गोष्ट सांगितली. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १६६ नुसार भरपाईचा दावा अपघात घडला तेथेच लावावा असे नाही. अर्जदार राहतो तेथील न्यायाधिकरणातही लावता येतो. पोलिसांचे कानडी कागद भाषांतर करून आणावे लागतील, एवढेच.

तात्यांना हे सांगितले. ते म्हणाले, "म्हंजी वकील तिकडं न्यायची गरजच न्हाई!"

सनद सीमा ओलांडते. पण सीमा ओलांडणे भाग आहे का, हे आधी विचारावे.