आईने नाकारलेले शिंगरू

निरोगी शिंगरू जन्मानंतर साधारण तासाभरात उभे राहते आणि दोन तासांच्या आत आईच्या कासेला लागते. परंतु पहिलारू घोडी काही वेळा बिथरते, सुजलेल्या कासेला तोंड लागताच लाथ मारते, आणि अशा वेळी माणसाने तातडीने लक्ष घातले नाही, तर शिंगरू दगावते. त्याच्या भुकेपेक्षाही निकडीचा प्रश्न रोगप्रतिकारशक्तीचा असतो. घोडीच्या वारेची रचनाच अशी असते की प्रतिपिंडे, म्हणजे रोगजंतूंशी लढणारी आईच्या रक्तातील प्रथिने, तिच्यातून गर्भापर्यंत पोहोचत नाहीत. ती शिंगराला चिकातूनच मिळतात, आणि ती शोषून घेण्याची त्याच्या आतड्याची क्षमता पहिल्या सहा-आठ तासांनंतर झपाट्याने घटून सुमारे २४ तासांत संपते. म्हणून घोडीला धरून तिचाच चीक काढावा, तो न मिळाल्यास दुसऱ्या घोडीचा गोठवून ठेवलेला चीक कोमट पाण्यात भांडे ठेवून वितळवावा. तो उकळल्यास प्रतिपिंडे नष्ट होतात. पुढे पशुवैद्यक रक्त तपासून प्रतिपिंडे पुरेशी आहेत का ते पाहतात व कमी असल्यास शिरेतून रक्तद्रव देतात.

पाजताना घाई जिवावर बेतते. शिंगराच्या तोंडात स्वच्छ बोट घालून ते जोमाने चोखते का हे आधी पाहावे; अंग गार पडलेल्या किंवा न चोखणाऱ्या शिंगराला बाटली लावू नये. ते उभे असावे, बाटली आईच्या कासेच्या उंचीवर धरावी, कारण मान वर ओढून पाजलेले दूध श्वासनलिकेत उतरून फुफ्फुसदाह होतो.

घोडीचे दूध पातळ आणि गोड असते. त्यात स्निग्धांश बहुधा दोन टक्क्यांहून कमी, तर दुग्धशर्करा सहा टक्क्यांहून अधिक असते. गाईचे दूध याच्या उलट, अधिक स्निग्ध व कमी गोड असल्यामुळे शिंगरांसाठीच बनवलेली दूधभुकटी वापरणे श्रेयस्कर ठरते. पहिल्या दिवशी वजनाच्या सुमारे १० टक्के दूध, दर एक-दोन तासांनी, रात्रीही पाजावे लागते. पुढे हे प्रमाण हळूहळू २० ते २५ टक्क्यांपर्यंत वाढवतात.

शिंगराला लवकरात लवकर उथळ भांड्यातून प्यायला शिकवणे अधिक हिताचे, कारण सतत बाटलीने वाढवलेले शिंगरू माणसालाच आपल्या कळपातले समजते आणि त्याचे खेळकर चावणे-ढुशा मारणे मोठेपणी धोक्याचे ठरते. आईला आखडून धरून, पुढ्यात चारा ठेवून पुन्हा पुन्हा पाजण्याचा प्रयत्नही सोडू नये, कारण अनेक घोड्या काही दिवसांत शिंगराला जवळ करतात. तसे न झाल्यास दुधाळ दाई-घोडी शोधावी, आणि तीही न मिळाल्यास निदान एखाद्या शांत, वयस्क घोडीच्या सोबतीला त्याला ठेवावे.