संगणक परवानगी मागतो, ती कोणी द्यावी?

गोखिवरे, वालीव, सातिवली या पट्ट्यातल्या गाळ्यांत आता लेथ किंवा प्रेसच्या बाजूला एका टेबलावर संगणकही असतो. विक्रीची बिले, जीएसटीचे विवरणपत्र, ई-वे बिल, कारागिरांची हजेरी, एम्ब्रॉयडरीच्या यंत्राची डिझाइने, डाय बनविणाऱ्यांची ड्रॉइंग्ज, हे सारे त्या एका पेटीत साठवलेले असते. विंडोज १० या प्रणालीला कंपनीकडून मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे अनेकांना विंडोज ११ घालून घ्यावी लागली किंवा नवा संगणक घ्यावा लागला. प्रणाली बदलल्यावर बहुतेकांची तक्रार एकच असते. जुना प्रोग्राम उघडताना पडदा काळवंडतो, मधोमध एक चौकट येते आणि ‘या प्रोग्रामला तुमच्या संगणकात बदल करू द्यायचे का?’ असे इंग्रजीत विचारले जाते. काम खोळंबते. मग संगणकवाल्याला फोन जातो, ‘भाई, ही कटकट बंद करून टाका.’ तो दोन मिनिटांत बंद करून देतो आणि दोघेही खूश होतात.

आमच्या मते ती बंद करू नये. ती चौकट काय विचारते आणि उत्तर देण्याचा अधिकार गाळ्यात कोणाकडे असावा, हे मालकाने स्वतः समजून घ्यावे. त्याला संगणकाचे शिक्षण लागत नाही.

विंडोज एक्सपीच्या काळात घरोघरी आणि दुकानोदुकानी प्रत्येक जण संगणकाचा पूर्ण मालक असे. ज्या खात्यातून पोरगा गाणी ऐकत असे, त्याच खात्यातून हिशेब लिहिला जाई, आणि त्या खात्याला प्रणालीच्या फाइली पुसण्याचाही अधिकार असे. पेनड्राइव्हमधून आलेल्या व्हायरसला तोच अधिकार आयता मिळे. २००७ साली व्हिस्टा आली तेव्हा कंपनीने ही पद्धत बदलली. खाते ॲडमिनिस्ट्रेटरचे असले तरी रोजचे काम साध्या अधिकारांनी चालते. मोठ्या अधिकाराची गरज पडली की चौकट येते आणि ‘येस’ दाबल्यावर तेवढ्या एका प्रोग्रामला तो अधिकार मिळतो. व्हिस्टा इतक्या वेळा विचारायची की लोक वैतागले. म्हणून २००९ च्या विंडोज ७ मध्ये ही विचारणा कमी-जास्त करण्यासाठी चार पायऱ्यांची पट्टी दिली गेली. ती आजही आहे. आपला संगणकवाला तीच पट्टी अगदी खाली ओढून जातो.

पडदा काळवंडतो त्यालाही कारण आहे. त्या वेळी बाकीचे प्रोग्राम बाजूला ठेवले जातात, म्हणजे एखादा लबाड प्रोग्राम आपल्या वतीने स्वतःच ‘येस’ दाबू शकत नाही. ते बटण माणसानेच दाबायचे असते. चौकटीचा रंगही पाहावा. प्रोग्राम बनविणाऱ्याची सही तपासून झाली असेल तर निळी पट्टी आणि त्याचे नाव दिसते. बनविणारा अज्ञात असेल तर पट्टी पिवळी असते. आपल्याकडचे छोटे बिलिंग प्रोग्राम बहुधा पिवळ्या पट्टीत येतात, म्हणून पिवळी म्हणजे वाईटच असे समजू नये. विचारायचा प्रश्न सोपा आहे: हा प्रोग्राम आत्ता मी स्वतः सुरू केला का? डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर तुम्हीच घालत असाल तर ‘येस’ ठीक. तुम्ही ईमेलमधले बिल उघडत होता आणि चौकट आली, तर ‘नो’. बिल वाचण्यासाठी असा अधिकार लागत नाही. फोनवर ‘मी बँकेतून बोलतो, आता येस दाबा’ असे कोणी सांगत असेल तर फोन ठेवावा.

हा अधिकार चुकीच्या हाती गेला तर काय होते ते आपल्याच बंदरात दिसले आहे. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा घातक प्रोग्राम जगभर पसरला. त्याचा मुख्य प्रवेश युक्रेनमधल्या एका कर-हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाला. म्हणजे व्यापारी रोज वापरतात तसल्याच प्रोग्राममधून. मर्स्क ही जहाज कंपनी त्यात सापडली, आणि तिच्या समूहाकडे असलेल्या न्हावा शेवा येथील जेएनपीटीमधल्या गेटवे टर्मिनलचे काम कोलमडले. कंटेनर अडकले. मर्स्कने आपले नुकसान २० ते ३० कोटी डॉलर सांगितले. हा प्रोग्राम एका संगणकातून दुसऱ्यात कसा जात होता? एक वाट विंडोजमधल्या जुन्या भगदाडाची होती, जे बुजविणारे अपडेट मार्च २०१७ मध्येच आले होते. दुसरी वाट अशी की, ज्या संगणकात त्याला ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार मिळे तिथून तो पासवर्ड चोरी आणि तोच पासवर्ड लावून शेजारच्या संगणकात शिरे. सगळ्या संगणकांना एकच ॲडमिन पासवर्ड ठेवणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

आता व्यवस्था कशी असावी? नवी प्रणाली घालताना तयार होणारे पहिले खाते ॲडमिनिस्ट्रेटरचे असते आणि सगळे त्याच खात्यात काम करू लागतात. त्याऐवजी ते खाते मालकाने स्वतःकडे ठेवावे, आणि हिशेबनीस, ऑपरेटर, इतकेच काय स्वतःच्या रोजच्या कामासाठीही ‘स्टँडर्ड यूजर’ प्रकारचे वेगळे खाते काढावे. सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स’ आणि पुढे ‘अदर यूजर्स’ येथे ही सोय आहे. असे केल्यावर चौकटीत नुसते ‘येस’ चालत नाही, मालकाचा पासवर्ड किंवा पिन मागितला जातो. गल्ल्याची किल्ली आपण नव्या मुलाला पहिल्या दिवशी देत नाही.

खरी अडचण जुन्या प्रोग्रामांची आहे, म्हणून तिथे थोडे थांबू. पुष्कळ जुने हिशेबाचे प्रोग्राम आपला डेटा ‘प्रोग्राम फाइल्स’ या फोल्डरमध्येच लिहू पाहतात, आणि साध्या अधिकाराने तिथे लिहिता येत नाही. अशा वेळी विंडोज गुपचूप तो डेटा वापरणाऱ्याच्या खात्यातल्या ‘व्हर्च्युअल स्टोअर’ नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये लिहून ठेवते. मग कोणीतरी सल्ला देतो की उजवे बटण दाबून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करा. तसे केले की प्रोग्राम मूळ फोल्डरमधला डेटा उघडतो आणि महिनाभराची बिले गायब दिसतात! बिले गेलेली नसतात, दोन वह्या तयार झालेल्या असतात. अशा वेळी घाबरून प्रोग्राम पुन्हा घालू नये. आधी दोन्ही ठिकाणच्या फाइलींची नक्कल काढून ठेवावी आणि मग कोणती ताजी ते पाहावे. कायमचा उपाय असा: डेटासाठी डी ड्राइव्हवर वेगळा फोल्डर करावा, प्रोग्रामला तोच पत्ता द्यावा, आणि फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘सिक्युरिटी’खाली हिशेबनिसाच्या खात्याला ‘मॉडिफाय’चा हक्क द्यावा. मग ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालविण्याची गरजच उरत नाही. दोन-तीन संगणक जोडलेले असतील तर आणखी एक गंमत होते. दुसऱ्या संगणकावरचा फोल्डर झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेला असतो, पण ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ केलेल्या प्रोग्रामला तो बहुधा दिसत नाही. उपाय पुन्हा तोच.

डॉसच्या काळातले फॉक्सप्रोचे प्रोग्राम मात्र कोणताही अधिकार दिला तरी विंडोज ११ वर थेट चालत नाहीत. ही प्रणाली फक्त ६४ बिटची आहे आणि १६ बिटचे प्रोग्राम तिला उचलता येत नाहीत. अशांसाठी डॉसबॉक्ससारखा मधला प्रोग्राम लागतो. डिझाइनच्या सॉफ्टवेअरबरोबर आलेले जुने डोंगलही ड्रायव्हर जुना असल्यामुळे अडतात. विक्रेत्याकडून नवा ड्रायव्हर मागावा, सुरक्षा बंद करून जुना चालवू नये.

एक गोष्ट आजच तपासावी. विंडोज ११ घालताना ईमेल मागितला जातो आणि घाईत संगणकवाला स्वतःचाच ईमेल टाकतो. २०२४ मध्ये आलेल्या २४एच२ आवृत्तीपासून, नव्याने प्रणाली घातली की बऱ्याच संगणकांची डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि तिची ‘रिकव्हरी की’ त्या ईमेलच्या खात्यात जमा होते. पुढे संगणकाने ती किल्ली मागितली आणि तो माणूस गाव सोडून गेलेला असला, तर आपला हिशेब आपल्याच डिस्कमध्ये कोंडला जातो. ‘अकाउंट्स’मध्ये कोणाचा ईमेल आहे ते पाहावे. परका असेल तर आपला जोडून घ्यावा, किल्ली कागदावर उतरवून कपाटात ठेवावी, आणि मगच परके खाते काढावे.

शेवटी हेही सांगितले पाहिजे की साधे खाते म्हणजे पूर्ण संरक्षण नव्हे. फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा प्रोग्राम हिशेबनिसाच्या खात्यात चालला, तर हिशेबनिसाला ज्या फाइली बदलता येतात त्या त्यालाही बदलता येतात, आणि तिथे कोणतीही चौकट येत नाही. साध्या खात्यामुळे बाकीची खाती आणि प्रणाली वाचते, डेटा वाचतोच असे नाही. त्यासाठी आठवड्यातून एकदा डेटाची नक्कल बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि नक्कल झाली की तिची केबल काढून ठेवावी. जोडून ठेवलेली डिस्क संगणकाबरोबरच जाते.