आजचा मॅटवरचा मल्ल कालच्या लाल मातीत टिकला असता का?

बेळगाव शहराच्या उत्तरेला लागून असलेली कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्द ही गावे कुस्तीशौकिनांना नव्याने सांगावी लागत नाहीत. सीमाभागातील मैदानांत मल्लाच्या नावापुढे त्याच्या गावाचे नाव जोडून पुकारा होतो आणि ‘कंग्राळी’ हा पुकारा बेळगाव परिसरातील फडांत वारंवार कानी पडतो. यात्रेतील मैदान संपले की जाणत्या प्रेक्षकांत एक जुना वाद हमखास रंगतो. आजचे नामवंत मल्ल जुन्या काळात जन्मले असते, तर त्या काळच्या मल्लांपुढे त्यांचा निभाव लागला असता का?

हा वाद केवळ कुस्तीतला नाही. मुष्टियुद्धाचे चाहतेही आजच्या विजेत्यांना मनातल्या मनात शंभर वर्षे मागे नेऊन उभे करतात. तिथे एक गोष्ट चटकन ध्यानात येते. १८८९ मध्ये जॉन सुलिव्हन याने उघड्या मुठींनी ७५ फेऱ्यांची लढत जिंकली आणि १८९२ मध्ये हातमोजे घालून जेम्स कॉर्बेट याच्याशी लढताना तो २१ व्या फेरीत पराभूत झाला. अवघ्या तीन वर्षांचे अंतर होते, पण खेळाचे नियम वेगळे होते. पुढे १९८२ मध्ये दक्षिण कोरियाच्या किम डुक-कू याचा लढतीतील दुखापतीने मृत्यू झाल्यावर जागतिक विजेतेपदाच्या लढती पंधरा फेऱ्यांवरून बारा फेऱ्यांवर आल्या. म्हणजे दोन काळांतील खेळाडूंची तुलना करताना आधी दोन काळांतील खेळांची तुलना करावी लागते. कुस्तीच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे.

माती आणि मॅट : एक नाव, दोन खेळ

आजची आंतरराष्ट्रीय कुस्ती सहा मिनिटांची असते. तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि मध्ये तीस सेकंदांची विश्रांती. नऊ मीटर व्यासाच्या वर्तुळात ही लढत होते. प्रतिस्पर्ध्याला खाली आणून त्याच्या पाठीवर ताबा मिळवला की दोन गुण, त्याची पाठ मॅटकडे वळवली की दोन गुण आणि वर्तुळाबाहेर ढकलले की एक गुण मिळतो. फ्रीस्टाइल प्रकारात दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच थांबते. जो मल्ल आक्रमण करीत नाही, त्याला पंच ताकीद देतात आणि तीस सेकंदांत त्याने गुण मिळवला नाही, तर प्रतिस्पर्ध्याच्या खात्यात गुण जातो.

लाल मातीच्या जुन्या कुस्तीत यातले जवळपास काहीच नव्हते. चितपट म्हणजे विजय. बाकी सारे केवळ झटापट. पट काढून प्रतिस्पर्ध्याला खाली आणणे आणि त्याच्या पाठीवर स्वार होणे, ही आज दोन गुणांची कमाई आहे. तेव्हा ती खऱ्या कुस्तीची नुसती सुरुवात असे. खाली गेलेला मल्ल मातीला छाती चिकटवून, हातपाय आवळून तासभरही पडून राहू शके. कडेला गेलेली जोड पंच पुन्हा मध्यभागी आणून लावत, त्यामुळे बाहेर ढकलण्याला अर्थ नव्हता. वजनी गटांचे काटेकोर बंधन नव्हते. वस्ताद नजरेने जोड ठरवीत.

मातीचा स्वभावही निराळा. हळद, ताक, तेल, लिंबू घालून मळलेल्या हौद्यात पाय रुततो. मॅटवर विजेसारखी पडणारी पटाची झेप इथे अर्ध्या वेगाने पडते. उलट घामाने निसरड्या झालेल्या अंगावर माती चोळली की पकड घट्ट बसते. म्हणून घिस्सा, मोळी, कलाजंग अशा पकडीच्या आणि ताकदीच्या डावांना मातीत बहर येतो.

राहुल आवारे खासबागेत उतरले असते तर

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. बीड जिल्ह्यातील पाटोद्याचे राहुल आवारे यांनी २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्ण आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्यपदक मिळवले. जागतिक पदकाच्या लढतीत त्यांनी अमेरिकेच्या टायलर ग्राफ याला ११-४ अशा गुणांनी हरवले. वेग, सलग आक्रमण आणि गुणांची बेरीज हे आधुनिक मल्लाचे सारे गुण त्यात होते.

हेच आवारे शाहू महाराजांनी उभारलेल्या आणि १९१२ मध्ये सुरू झालेल्या कोल्हापूरच्या खासबाग मैदानात त्या काळी उतरले असते, तर पहिली अडचण वजनाची आली असती. मैदानाची मोठी कुस्ती आणि मानाची गदा भारी वजनाच्या मल्लांकडे जाई. साठ किलोच्या मल्लाला त्याच्या जोडीची कुस्ती आणि इनाम मिळाले असते, पण दरारा आणि राजाश्रय मिळणे कठीण होते. दुसरी अडचण निकालाची. अकरा गुण मिळवूनही प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लागली नाही, तर तिथे हाती काहीच लागत नाही. सहा मिनिटांत सारी ताकद ओतण्याची सवय असलेल्या शरीराला अर्ध्या-पाऊण तासाच्या झुंजीसाठी श्वास राखून ठेवायला शिकावे लागले असते.

तरीही ते तिथे परके ठरले नसते. त्यांची सुरुवात मातीतच झाली आणि रुस्तम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार यांच्यासारख्या वस्तादांच्या हाताखाली ते घडले. ज्याने लहानपणी हौदा खणला आहे, त्याला माती पुन्हा ओळख देते. ज्याने आयुष्यात केवळ मॅटच पाहिली, त्याची गोष्ट वेगळी.

इतिहासाने घेतलेली परीक्षा

या कल्पनेला इतिहासात एक जवळचा दाखला आहे. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये गामा आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को यांची लढत झाली. गामा मातीत वाढलेले, तर झिबिस्को मॅटवर मुरलेला. गामांचा आवेश पाहून झिबिस्को मॅटला पोट चिकटवून जो बसला, तो अडीच तासांहून अधिक काळ हललाच नाही. कुस्ती निकालाविना थांबली. ठरलेल्या पुढच्या दिवशी तो आला नाही आणि गामांना विजयी घोषित करण्यात आले. पुढे १९२८ मध्ये हेच दोघे पतियाळा येथे मातीच्या आखाड्यात भिडले. दोघेही पन्नाशीच्या आसपास होते. या वेळी निकाल एका मिनिटाच्या आत लागला आणि झिबिस्को चितपट झाला. मधल्या अठरा वर्षांत वय दोघांचेही वाढले होते. बदलला होता तो आखाडा.

उलट दिशेची परीक्षा खाशाबा जाधव यांनी दिली. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये मॅटच्या कुस्तीला सामोरा गेला आणि सहावा आला. तेथे त्यांनी अमेरिकी प्रशिक्षक रीस गार्डनर यांच्याकडून मॅटचे बारकावे शिकून घेतले. चार वर्षांनी हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक आणले. ढाक हा त्यांचा हातखंडा डाव मातीतलाच. मॅटवर तो केव्हा टाकायचा, हे ते नव्याने शिकले. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत गणपतराव आंदळकर आणि मारुती माने या मातीतल्या मल्लांनीही सुवर्णपदके मिळवून हेच सिद्ध केले.

कंग्राळीच्या पोराने काय करावे?

सीमाभागाला हा वारसा जवळचा आहे. १९५९ मध्ये पहिले हिंद केसरी ठरलेले श्रीपती खंचनाळे हे चिकोडी तालुक्यातील एकसंब्याचे. आज याच भागात पहाटे जोर-बैठका मारणाऱ्या मुलापुढे पेच आहे तो दोन काळांच्या मधोमध उभे राहण्याचा. यात्रेचे इनाम, हलगीचा कडकडाट आणि गावाचा मान मातीत आहे. राज्य संघातील निवड, क्रीडा वसतिगृह, सैन्यदल, रेल्वे किंवा पोलीस खात्यातील नोकरीची वाट मॅटवरून जाते. मैदानात नावाजलेला मुलगा निवड चाचणीत पहिल्या दोन मिनिटांतच गुणांवर मागे पडतो, तेव्हा कमी पडलेली असते ती त्याची ताकद नव्हे, तर त्याची सवय.

महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोन्हींचे विजेते किताबासाठी समोरासमोर येतात. तालमीतही तसेच व्हायला हवे. हौदा बुजवून मॅट अंथरली, तर पकड आणि दम घडवणारी शाळाच बंद होईल. मॅट दारातच येऊ दिली नाही, तर मुलाची झेप यात्रेच्या फडापुरती उरेल. कोवळ्या वयात माती आणि बाराव्या-तेराव्या वर्षापासून आठवड्यातले काही दिवस मॅट, अशी सांगड लहान गावालाही घालता येते. त्यासाठी एक मॅट, तिच्यावर छप्पर आणि गुणांचे नियम जाणणारा वस्ताद लागतो.

मैदानानंतरच्या वादाला त्यामुळे एकच एक उत्तर नाही. केवळ मॅटवर वाढलेला विजेता जुन्या खासबागेत बहुधा दमला असता आणि केवळ मातीत वाढलेला जुना वीर आजच्या सहा मिनिटांत बहुधा गुणांवर हरला असता. खाशाबांसारखा, जिथे उतरेल तिथले नियम शिकून घेणारा मल्ल मात्र दोन्हीकडे उभा राहिला असता. कंग्राळीच्या तालमीत घडवायचा आहे तो असाच मल्ल.