गहू सोडण्याआधी

पोळीवाचून जेवण झाल्यासारखे वाटत नाही, अशी आपल्याकडे कितीतरी घरे आहेत. आमचेही त्यातलेच. त्यामुळे आपले दुखणे पोळीतच आहे, हे कळायला मला तीन वर्षे लागली.

तेव्हा माझे हिमोग्लोबिन 8 च्या वर चढत नव्हते. लोहाच्या गोळ्या झाल्या, खजूर झाले, अळिवाचे लाडू झाले. पोट फुगायचे, जिना चढला की दम लागायचा. शेजारच्या काकू म्हणाल्या, "महिनाभर गहू सोडून बघ." सोडला. भाकरी-भातावर राहिले आणि खरेच बरे वाटू लागले. दहा महिन्यांनी रक्त तपासले, तर अहवालात काहीच निघाले नाही. "मनाचे खेळ आहेत," असे ऐकून घरी आले. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "तपासणी केली तेव्हा तुम्ही पोळी खात होता का?"

हा प्रश्न इतका महत्त्वाचा का, ते आज सांगायचे आहे.

कणीक तिंबली की ती ताणली जाते, पुरणपोळी लाटताना फाटत नाही. ही करामत गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनाची. ज्वारीत ते नसते, म्हणून भाकरीचे पीठ गरम पाण्यात मळावे लागते. गहू न सोसण्याचे मुख्य प्रकार तीन. पहिला, गव्हाची ॲलर्जी. यात खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा तास-दोन तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, कधी श्वास कोंडतो. दुसरा, नुसते न सोसणे. पोट फुगते, गुडगुडते, पण आतड्याला इजा होत नाही. पुष्कळदा याला ग्लुटेन नव्हे, तर गव्हातली विशिष्ट शर्करा कारण असते आणि ती कांदा-लसणातही असते. तिसरा, सिलिॲक. यात ग्लुटेन पोटात गेले की शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतली मखमलीसारखी लव झडते आणि खाल्लेले अंगी लागत नाही. मग रक्त कमी होते, हाडे ठिसूळ होतात, मुलांची उंची खुंटते.

गव्हाचा हा दोष ओळखला तो डिके या डच बालरोगतज्ज्ञाने. 1944-45 च्या हिवाळ्यात, महायुद्धामुळे हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला. सगळा देश उपाशी असताना या आजाराची मुले मात्र सुधारली आणि पाव परत येताच पुन्हा आजारी पडली. डिके यांना गव्हाचा संशय आधीपासूनच होता, तो यामुळे पक्का झाला.

सिलिॲकच्या रक्ततपासणीत शोधतात ती ग्लुटेनमुळे तयार होणारी प्रतिद्रव्ये. गहू बंद केला की ती हळूहळू कमी होतात, आतडेही भरून येऊ लागते. म्हणजे आजार असूनही तपासणी तो नाही म्हणते. मला पुन्हा सहा आठवडे पोळी खावी लागली. ते दिवस आठवले तरी पोटात गोळा येतो. पण रक्ताने आणि दुर्बिणीतून घेतलेल्या आतड्याच्या तुकड्याने निदान पक्के केले. म्हणून सांगते, आधी तपासणी, मग पथ्य.

सिलिॲक नाही असे ठरले, तर वही घालावी. काय खाल्ले, किती वाजता, काय त्रास झाला, ते लिहावे. आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने एकेक पदार्थ काही आठवडे बंद करून पुन्हा सुरू करून पाहावा. अनेकदा दोषी दूधच निघते! ॲलर्जीचा संशय असेल, तर मात्र हा प्रयोग घरी मुळीच करू नये.

सिलिॲकचे पथ्य जन्मभराचे आणि काटेकोर असते. रवा, मैदा, शेवया, कुरडया हे ध्यानात येते. पण बाजारच्या हिंगात बहुधा मैदा असतो, भाजणीत मूठभर गहू पडतो, माल्टच्या पेयांत जव असतो. खपली गहू चालतो असे लोक सांगतात. तो चालत नाही, त्यातही ग्लुटेन आहेच. गिरणीत गव्हावर ज्वारी दळली, तरी पीठ बाटते. मी घरघंटी घेतली, पोळपाट वेगळा ठेवला. 'ग्लुटेनमुक्त' छापलेल्या पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नसावे, असा आपल्याकडे नियम आहे. पण महाग पाकिटांची गरज कितीशी? ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा आपल्या घरचेच आहेत.

एक शेवटचे. हा आजार रक्ताच्या नात्यात असू शकतो. माझे निदान झाल्यावर डॉक्टरांनी भावंडांना, मुलांना तपासायला सांगितले. माझा मुलगा वर्गात सर्वांत बुटका होता. "तुमच्यावर गेलाय," असे सगळे म्हणत. ते खरेच निघाले, पण वेगळ्या अर्थाने. मी अंदाजावरच थांबले असते, तर त्याला कोणी तपासलेच नसते. आज तो माझ्या खांद्याच्या वर गेला आहे आणि भाकरी माझ्यापेक्षा चांगली थापतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)