साडेबावीसने भागा!

रिकाम्या पोटी तपासलेली साखर 90. एकदम झकास! आता त्याच रक्तातलं इन्सुलिन बघू: 15. दोन्ही आकड्यांचा गुणाकार करा, 405 ने भागा. उत्तर 3.3. खरं तर ते 1 च्या आसपास यायला हवं होतं. म्हणजे साखरेनं पास केलेला हा माणूस तितकासा झकास नाही!

असं कसं? इन्सुलिनची हाक पेशींना नीट ऐकू येईनाशी झाली, की स्वादुपिंड आवाज चढवतं. कानानं कमी ऐकणाऱ्या आजोबांशी आपण बोलतो तसं. निरोप पोचतो, साखर जागेवर राहते. पण त्यासाठी किती ओरडावं लागलं, हे साखरेच्या आकड्यात कुठे दिसतं? ते या गुणाकारात दिसतं. त्याचं नाव ‘होमा’.

आणि हा 405 आला कुठून? निरोगी माणसाची उपाशीपोटीची साखर 4.5 मिलिमोल धरली, इन्सुलिन 5 धरलं. गुणाकार 22.5. त्यानंच भागलं की निरोगी माणसाचं उत्तर बरोब्बर 1! आपल्याकडे साखर मिलिग्रॅममध्ये मोजतात, म्हणून 22.5 गुणिले 18. झाले 405. बस, एवढंच!

हे गणित 1985 साली ‘डायबेटोलॉजिया’ या नियतकालिकात छापून आलं. पहिलं नाव डेव्हिड मॅथ्यूज यांचं, शेवटचं रॉबर्ट टर्नर यांचं, दोघेही ऑक्सफर्डचे. त्याआधी हीच गोष्ट मोजायची तर माणसाला तासन् तास झोपवून, शिरेतून इन्सुलिन आणि ग्लुकोज दोन्ही सोडत, दर काही मिनिटांनी साखर तपासावी लागे. दहा-वीस जणांवर जमेल, हजारांवर? आता एक सुई पुरली. मोजमाप थोडं ढोबळ झालं खरं, पण गावंच्या गावं तपासता येऊ लागली.

मग काय, जो तो ‘होमा’ वापरू लागला. आणि जो वापरतो तो निबंधाच्या शेवटी लिहितो: ही रीत अमक्यांची. एवढी एक ओळ म्हणजे एक ‘सायटेशन’. अशा ओळी मोजण्याची कल्पना वकिलांची, हे ठाऊक आहे? कोणत्या निकालाचा दाखला पुढे कुठे दिला गेला, याच्या सूची अमेरिकेतले वकील वापरत. ते पाहून यूजीन गारफील्ड यांनी 1964 मध्ये विज्ञानासाठी तशीच सूची काढली. त्या मोजणीत ‘होमा’चा निबंध वीस हजारांच्या पुढे गेला आहे!

आता गंमत बघा. संशोधकाचं वजन हल्ली ‘एच-इंडेक्स’वर तोलतात. 2005 मध्ये होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं तो सुचवला. तुमच्या 50 निबंधांना प्रत्येकी निदान 50 दाखले मिळाले, तर तुमचा आकडा 50. या हिशेबात वीस हजारांचा तो धनी निबंध किती धरायचा? एक! शेजारच्या 50 दाखलेवाल्याइतकाच. मला तरी हा तराजू अजब वाटतो.

टर्नर यांचं दुसरं काम नेमकं उलट्या स्वभावाचं: एका सुईत उरकणारं नव्हे, वर्षानुवर्षं चालणारं. 1977 मध्ये त्यांनी मधुमेहाचं नुकतंच निदान झालेले ब्रिटिश रुग्ण गोळा करायला घेतले. भरले 5,102. साखर कडक आटोक्यात ठेवली तर डोळे, मूत्रपिंडं वाचतात का? उत्तर 1998 मध्ये छापलं गेलं: होय! पुढच्याच वर्षी टर्नर गेले. निबंध मात्र थांबले नाहीत. त्या मालिकेला क्रमांक असत. 80 क्रमांकाचा 2008 मध्ये आला, लेखकांत मॅथ्यूजही होते. प्रयोग संपल्यावर वर्षभरातच कडक आणि नेहमीचे उपचार घेतलेल्या दोन गटांतला साखरेचा फरक मिटला होता, तरी पूर्वी कडक उपचार घेतलेल्यांना दहा वर्षांनंतरही फायदा मिळतच होता. औषधाचा परिणाम औषधातला फरक संपल्यावरही चालू!

या सगळ्या रुग्णांची साखर कशावर जोखली? एचबीए1सी वर. मधुमेहींच्या रक्तातलं हे वेगळं हिमोग्लोबिन 1968 च्या सुमारास तेहरानच्या सॅम्युअल रहबर यांना दिसलं होतं. आज ही तपासणी इतकी घरोघरची झाली आहे, की निबंधात तिचा आकडा देताना रहबर यांचा दाखला क्वचितच कोणी देतं. वीस हजारांच्याही पलीकडची पायरी ही: इतकं वापरलं जायचं, की मोजणीतूनच बाहेर पडायचं.