हजार यार्डांवरचा वारा कसा वाचायचा



मागच्या भागांत आपण पकड, श्वास आणि ट्रिगर यांवर बोललो. त्यानंतर सगळ्यात जास्त प्रश्न आले ते वाऱ्याबद्दल. इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, जिथे जिथे आपली मंडळी आहेत तिथून आले. त्यातला एक प्रश्न पालकांचा आहे आणि तो निरनिराळ्या शब्दांत बऱ्याच जणांनी विचारलाय. मुलगा किंवा मुलगी ५० मीटरवर रायफल मारते, पुढे फुलबोअरकडे जायचा विचार आहे, तर वारा मोजायचं ते हातातलं यंत्र घेऊन द्यावं का? माझं उत्तर आहे, आत्ता नको. रायफल, जॅकेट, काडतुसं यांतच घरचं बजेट किती ताणलं जातं हे मला ठाऊक आहे. म्हणून हे उत्तर नुसतं न देता त्याचं कारण नीट समजावून सांगतो.

आधी अडचण केवढी आहे ते बघू. लांब पल्ल्याच्या नेमबाजीत अजूनही यार्ड, इंच आणि मैल चालतात, त्यामुळे थोडी सवय करून घ्या. ताशी १० मैल म्हणजे १६ किलोमीटर. या वेगाचा वारा चेहऱ्याला छान लागतो, धूळ आणि कागदाचे कपटे उडवतो. वादळ वगैरे नाही, साधा वारा. तो बरोबर आडवा असेल तर ७.६२ मिलिमीटरची गोळी १०० यार्डांवर जेमतेम २ सेंटीमीटर सरकते. ३०० यार्डांवर ती वीतभर सरकते. ६०० वर पाऊण मीटरच्या आसपास. आणि १००० यार्डांवर जवळजवळ अडीच मीटर! अंतर दहापट झालं, सरकणं शंभरपटीहून जास्त झालं.

आता टार्गेट बघा. १००० यार्डांच्या अमेरिकन टार्गेटवर दहाचं वर्तुळ २० इंच व्यासाचं असतं, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत १० इंच. ताशी १० मैलांना अडीच मीटर, तर ताशी एका मैलाला साधारण ९-१० इंच. म्हणजे बाकी सगळं अचूक करूनही वाऱ्याचा अंदाज एका मैलाने चुकला, तर गोळी मधून थेट दहाच्या कडेला जाते. दोन मैलांनी चुकला तर नऊही हातात राहील की नाही सांगता येत नाही.

छोट्या रायफलवाल्यांनी खूश होऊ नये. .२२ ची गोळी ५० मीटरवर याच वाऱ्यात अडीच-तीन सेंटीमीटर सरकते, आणि तिथे दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं आहे. अंतर कमी झालं की वर्तुळही कमी होतं, हे लोक विसरतात.

वारा गोळीला ढकलतो म्हणजे नेमकं काय करतो? बहुतेकांच्या डोक्यात चित्र असतं ते नावेचं. नाव नदीत जितका वेळ, तितका वेळ प्रवाह तिला वाहून नेणार. हे चित्र गोळीला लागू होत नाही. आपली गोळी १००० यार्ड जायला सुमारे १.७ सेकंद घेते. १० मैलांचा वारा म्हणजे सेकंदाला साडेचार मीटर. नावेचा हिशोब खरा असता तर गोळी साडेसात मीटर वाहून गेली असती. प्रत्यक्षात जाते अडीच.

कारण गोळी फिरकी घेत असते आणि तिचं तोंड समोरून येणाऱ्या हवेकडे राहतं. आडवा वारा असला की तिच्या दृष्टीने हवा थोडी तिरकी येते, म्हणून ती तोंड किंचित वाऱ्याकडे वळवते. हवेचा अडथळा तिला मागे खेचतो तोही मग किंचित तिरका, आणि त्या तिरकस ओढीने ती बाजूला जाते. म्हणजे तिला सरकवणारी शक्ती हवेच्या अडथळ्याचीच आहे. त्यामुळे हिशोब एकूण वेळेचा नसून उशिराचा आहे. वाटेत वेग कमी झालाच नसता तर ही गोळी सुमारे १.१५ सेकंदात पोचली असती. पोचते १.७ मध्ये. उशीर ०.५५ सेकंदाचा. त्याला साडेचारने गुणा, अडीच मीटर येतात.

ज्यांनी लहानपणी खळ्यावर उफणणी पाहिली आहे त्यांना हे लगेच पटेल. एकाच सुपातून, एकाच वाऱ्यात दाणा पायाशी पडतो आणि भूस लांब जातं. ज्याला हवा जास्त अडवते ते जास्त वाहतं. म्हणून लांब पल्ल्याला जड, लांबट, टोकदार गोळी वापरतात. आणि म्हणूनच .२२ मध्ये एक उलटी वाटणारी गोष्ट घडते. ध्वनीच्या वेगापेक्षा जोरात जाणारं ‘हाय व्हेलॉसिटी’ काडतूस वाऱ्यात मॅचच्या संथ काडतुसापेक्षा जास्त सरकतं. ध्वनीच्या वेगाच्या आसपास अडथळा एकदम वाढतो आणि गोळी लवकर पोचूनही तिचा ‘उशीर’ जास्त होतो. दुकानदार जास्त वेगाचं काडतूस खपवू लागला तर हे लक्षात ठेवा.

वाऱ्याचा जोर हा अर्धा भाग, दिशा उरलेला अर्धा. दिशेसाठी घड्याळ वापरतात. टार्गेट १२ वर, तुम्ही मध्यभागी. ३ आणि ९ वाजताचा वारा पूर्ण मोजायचा, १२ आणि ६ चा शून्य, १ वाजताचा निम्मा. इथपर्यंत सगळेच शिकतात. पण सगळ्यात वाईट वारा कोणता असं विचारलं, की नवा नेमबाज सांगतो, तीन वाजताचा जोरदार. तसं नाही.

१० मैलांचा वारा ३ वाजता आहे आणि १५ अंशांनी, म्हणजे घड्याळाच्या अर्ध्या तासाने हलला. आडवा भाग १० चा साडेनऊच्या थोडा वर होतो. १००० यार्डांवर फरक तीन इंचांचा. मध्य धरलेला असेल तर दहा कायम. आता तोच वारा समोरून, १२ वाजता आहे, आणि दोन्ही बाजूंना तेवढाच १५ अंश झुलतो आहे. एकदा अडीच मैल डावीकडून, एकदा अडीच मैल उजवीकडून. एकूण फरक पाच मैलांचा, टार्गेटवर सव्वा मीटर! झेंडे बघाल तर दोन्ही वेळी जवळजवळ सारखेच फडफडताना दिसतील. माशाच्या शेपटीसारखा हलतो म्हणून याला ‘फिशटेल’ म्हणतात. ज्या वाऱ्याला पाठ्यपुस्तक शून्य म्हणतं, तोच स्पर्धा घालवतो.

आता वाचायचं कशावरून? अमेरिकन लष्कराच्या पुस्तिकांत एक सोपा हिशोब आहे. झेंड्याने काठीशी केलेला कोन चारने भागा, ताशी मैल मिळतात. ६० अंश म्हणजे १५ मैल. मग अंतराचे शेकडे गुणिले मैल, भागिले १५ केलं की साइटवर किती ‘मिनिट’ द्यायचे ते मिळतं. लांब अंतराला भाजक कमी होत जातो, १००० यार्डांना ११ घेतात. एक मिनिट म्हणजे १०० यार्डांवर सुमारे १ इंच, १००० वर १० इंच. हिशोब पाठ करा, पहिली गोळी कागदावर आणायला पुरेसा आहे. पण तो झेंड्यावर अवलंबून आहे. सुती झेंडा, नायलॉनचा झेंडा, रात्रीच्या दवाने ओला झालेला झेंडा, तिघेही एकाच वाऱ्यात वेगळे कोन दाखवतात. शिवाय मोठा झेंडा आळशी असतो. झोत ओसरला तरी तो थोडा वेळ फडकतच राहतो.

मी स्वतः मृगजळावर जास्त विसंबतो. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते ती स्पॉटिंग स्कोपमधून स्वच्छ दिसते. स्कोप टार्गेटवर फोकस करून मग फोकस थोडा अलीकडे, वाटेत मध्यावर आणायचा. टार्गेट जरासं पुसट होतं आणि हवेचे ओघळ दिसू लागतात. ओघळ सरळ वर चढत असतील तर आडवा वारा नाही. तिरके असतील तर हलका वारा. ८ ते १२ मैलांच्या दरम्यान ते आडवे होऊन ओढ्यासारखे वाहतात. त्यापुढे सगळं सपाट होतं, १२ चा वारा आणि १८ चा वारा यांतला फरक कळत नाही, तिथे परत झेंड्याकडे या. मृगजळाचा मोठा गुण म्हणजे ते आळशी नाही. हवा बदलली की त्याच क्षणी ते बदलतं.

एक धोका मात्र सांगितलाच पाहिजे. आडवं वाहणारं मृगजळ अचानक उभं होऊन उकळल्यासारखं दिसलं, तर ‘वारा पडला’ असं समजून घाईने ट्रिगर दाबू नका. बहुतेक वेळा वारा बाजू बदलतोय. काही क्षणांत ते उलट्या दिशेने वाहू लागेल. उकळी दिसली की बोट ट्रिगरवरून काढा. लष्करातले आमचे उस्ताद याबाबतीत फार कडक होते आणि मला ते बरोबरच वाटतं.

अर्थात मृगजळ रोज भेटत नाही. ढगाळ दिवशी नसतं, पावसानंतर नसतं, सकाळी उशिरापर्यंत धुकं असेल तेव्हा नसतं. उत्तरेत मे महिन्याच्या दुपारी इतकं असतं की टार्गेटच नाचतं. तुम्ही किनारपट्टीवर सराव करत असाल तर दुपारी समुद्रावरून खारा वारा येतो, त्याची वेळ आणि बाजू बऱ्यापैकी ठरलेली असते. डेहराडूनला शिकलेला मुलगा गोव्यात येऊन वेगळाच अभ्यास करणार, आणि त्यात काही गैर नाही.

यानंतर हमखास येणारा प्रश्न: जवळचा वारा महत्त्वाचा की टार्गेटजवळचा? सर्वसाधारणपणे जवळचा. सुरुवातीला गोळीची वाट जरा वळली तर ते वळण पुढच्या सगळ्या अंतरात वाढत जातं. शेवटच्या शंभर यार्डांत वळली तर वाढायला जागाच उरत नाही. पण फायरिंग पॉइंटच्या मागे दाट झाडी असेल, बाजूला मातीचे बांध असतील, तर तुमच्या कानाशी वाराच नसतो आणि सगळा खेळ मधल्या पट्ट्यात चालतो. १००० यार्डांसाठी मारलेली गोळी वाटेत नजरेच्या रेषेच्या साडेतीन मीटर वर चढते, आणि वर वारा जमिनीपेक्षा जोरात असतो. बटच्या माथ्यावरचा झेंडा मी शेवटी बघतो. मातीच्या उंच ढिगाला आपटून वारा तिथे गिरक्या घेतो, त्या झेंड्याचं म्हणणं गोळीला फारसं लागू होत नाही.

म्हणून ते यंत्र. ते वारा बरोबर मोजतं, पण तुमच्या हाताजवळचा. समोर ९०० मीटर हवा आहे, तिच्यात तीन वेगळे वारे असू शकतात, आणि यंत्र एकाचाही सरासरीशी संबंध सांगत नाही.

स्पर्धेत खरा वारामापक रायफलच असते. सुरुवातीच्या साइटर गोळ्या कशासाठी मारता? त्या गोळीच्या क्षणी झेंडा आणि मृगजळ कसं होतं ते डोळ्यात पक्कं करायचं, गोळी कुठे बसली ते बघायचं, आणि साइट तेवढी सरकवायची. आता ही तुमची ओळखीची हवा झाली. पुढे ‘वारा किती’ हा प्रश्नच उरत नाही. ‘त्या हवेपेक्षा जास्त की कमी’ एवढाच उरतो, आणि त्याचं उत्तर डोळा पुष्कळ चांगलं देतो. साइटर वाऱ्याच्या दोन्ही टोकांना, एक जोरात असताना आणि एक ओसरल्यावर मारा. म्हणजे दिवसभराची हद्द कळते.

मग तीच हवा परत यायची वाट बघायची. वारा बहुधा फेरे घेतो, चढतो, टिकतो, उतरतो. ५० मीटर प्रोनला ६० गोळ्यांसाठी ५० मिनिटं असतात. जाणता नेमबाज ओळखीची हवा आली की पाच-सहा गोळ्या पटापट मारून घेतो आणि बदलली की रायफल खांद्यावरून उतरवतो. फुलबोअरमध्ये ही चैन नाही. बिस्लेच्या पद्धतीत दोघे आळीपाळीने मारतात आणि प्रत्येकाला ४५ सेकंद मिळतात. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेची फुलबोअर लढत गुरुग्रामजवळ कादरपूरला झाली होती, तीही याच परंपरेतली. तिथे थांबता येत नाही, साइट फिरवतच राहावं लागतं. त्यामुळे फुलबोअरकडे जायचं असेल तर आधी ५० मीटरवर थांबायला शिकून घ्या, मग फिरवायला.

उजव्या फिरकीच्या नळीत आणखी एक गंमत आहे. उजवीकडून वारा आला की गोळी डावीकडे जाते आणि किंचित वर चढते. डावीकडून आला की उजवीकडे आणि किंचित खाली. टार्गेटवर भोकं १० वाजल्यापासून ४ वाजेपर्यंतच्या तिरक्या रेषेत पसरलेली दिसली तर श्वासाला दोष देऊ नका, तो वारा आहे.

पुढच्या सरावाला वही घेऊन जा. प्रत्येक गोळीला तीन नोंदी करा: झेंड्याचं चित्र, मृगजळाची तिरीप आणि गोळी कुठे जाईल याचा स्वतःचा अंदाज. अंदाज गोळी मारल्यावर, पण स्कोपमध्ये बघण्याआधी लिहायचा. दोन-तीन महिन्यांत वहीत तुमच्या रेंजचा वारा उमटायला लागेल. तोवर क्लबात कुणाकडे ते यंत्र असलं तर उसनं घ्या, आधी आकडा मोठ्याने बोला, मग यंत्र बघा. आणि स्वतःचे पैसे घालायचेच असतील तर आधी बऱ्यापैकी स्पॉटिंग स्कोप घ्या, सेकंडहँड चालेल, फक्त फोकसची चकती अडकत नाही ना ते दुकानातच फिरवून बघा.